बऱ्हाणपूर पाहावे ते डोंगराकडून

रावेर सोडून पूर्वेला निघालेली गाडी चोरवडचा नाका ओलांडते आणि पंचवीसेक किलोमीटर होतात न होतात तोच बऱ्हाणपूर येते. रावेर-सावद्याच्या माणसाला या गावाचे अप्रूप नाही. कापड घ्यायला, दवाखान्याला, सोयरिकीला जाणे आणि परतताना मावा जिलेबी नि दराबा बांधून आणणे ही इथली जुनी रीत. त्यामुळे झाले असे की, जे शहर दोनशे वर्षे खानदेशाची राजधानी होते आणि पुढे मोगलांच्या दख्खन कारभाराचे मुख्य ठाणे बनले, तिथे आपण वारंवार जातो आणि ते क्वचितच पाहतो. मुद्दाम पाहायला जाणारा बहुधा ठरलेल्या फेरीत अडकतो. तापीकाठचा शाही किल्ला, तिथला चित्रांचा हमाम, पैलतीरावरचा आहुखाना म्हणजे मृगोद्यान आणि या सगळ्यावर पसरलेली मुमताजमहलच्या मृत्यूची कथा, की झाले दर्शन. ही फेरी खोटी नाही, पण ती शहराच्या शेवटच्या प्रकरणापासून सुरू होते. बऱ्हाणपूर नदीकाठी वसले असले तरी ते घडवले सातपुड्याने. डोंगरातल्या वाटेने त्याला व्यापार आणि लष्कर दिले, डोंगरावरच्या गडाने राज्य दिले आणि डोंगराच्या पायथ्यातून झिरपणाऱ्या पाण्याने त्याला तगवले. म्हणून हे शहर बघायचे तर अशीरगडापासून खाली उतरत यावे आणि राजवाडा सर्वांत शेवटी पाहावा, असे मला सुचवायचे आहे.

पहिला आक्षेप उघड आहे. बऱ्हाणपूर डोंगरी शहर कसे? ते समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर, तापीच्या सपाट काठावर आहे आणि उन्हाळ्यात जळगाव-भुसावळइतकेच तापते. हे खरे. पण नकाशा जरा दूर धरून पाहिला की वेगळी गोष्ट दिसते. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या पश्चिमेला वाहतात आणि त्यांच्या मधोमध सातपुड्याची लांबच लांब भिंत उभी आहे. पश्चिमेला तोरणमाळपासून यावल-पालच्या डोंगरापर्यंत, आणि पूर्वेला गाविलगड-मेळघाटापर्यंत ही भिंत गाडीवाटेला सहज जागा देत नाही. अपवाद खंडवा आणि बऱ्हाणपूर यांच्यामधल्या उताराचा. इथे डोंगर बसका होऊन खिंड पडते आणि उत्तरेकडून येणारी वाट फार चढ न चढता तापीच्या खोऱ्यात उतरते. या उताराच्या तोंडावर, बऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, अशीरगड सातशे मीटरच्या उंचीवर उभा आहे. पायथ्यापासून मोजला तर तो अडीचशे मीटरहून अधिक भरतो. मोगल काळात त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. दरवाजा वर आहे आणि चौकटीच्या आत घर खाली आहे, एवढाच फरक. घराची उंची मोजून दरवाजाचे महत्त्व कळत नाही.

शहराच्या स्थापनेचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याला फिरोजशाह तुघलकाकडून १३७० मध्ये थाळनेर आणि करवंद हा मुलूख मिळाला. दिल्लीची सत्ता खिळखिळी होताच तो १३८२ च्या सुमारास स्वतंत्रपणे वागू लागला. त्याची गादी थाळनेरला, म्हणजे आजच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्याच काठी होती. १३९९ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा नसीरखान याने अशीरगड त्याचा धनी आसा अहीर याच्याकडून घेतला, आणि त्यानंतर गडाच्या दक्षिणेला, तापीवर, नवे शहर उभे केले. आता प्रश्न असा, की नदी तीच, काळी जमीन तीच, कापूस तोच. मग दीडशे किलोमीटर वरच्या अंगाला सरकण्याचे कारण काय? शहर नदीने घडवले असते तर थाळनेरला काय कमी होते? कोणी म्हणेल, थाळनेरसमोरही सेंधव्याचा घाट आहे, तिथूनही माळव्याची वाट उतरते. बरोबर आहे, आणि म्हणूनच तर थाळनेर आधी ठाणे झाले. पण थाळनेरला पाठीशी मोठा गड नाही आणि गुजरातचे सैन्य तापीच्या खोऱ्याने सरळ वर येऊ शकते. तसे ते पुन्हा पुन्हा आलेही. १४१७ मध्ये नसीरखानाने माळव्याच्या मदतीने थाळनेर आपल्या भावाकडून हिसकावले, तेव्हा गुजरातच्या अहमदशाहने मध्ये पडून त्याला नमवले. १५०९ मध्ये महमूद बेगडा थाळनेरात येऊन आपल्या पसंतीचा वारस फारुकी गादीवर बसवून गेला. अशा दुबळ्या राज्याला टिकायचे तर अजिंक्य गडाच्या सावलीत राहणे भाग होते. फारुकी दोनशे वर्षे टिकले ते तलवारीच्या जोरावर कमी आणि अशीरगडाच्या भरवशावर जास्त.

यावर दुसरे उत्तर परंपरा देते: शहर संतांच्या आशीर्वादाने वसले. खुलदाबादचे चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बऱ्हाणपूर आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने पैलतीरावरचे जैनाबाद. नावांबद्दल वाद नाही. पण फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली कथा बारकाईने वाचण्यासारखी आहे. नसीरखानाने गड जिंकल्यावर त्याचे अभिनंदन करायला जैनुद्दीन दौलताबादेहून आले, तापीच्या एका तीरावर उतरले आणि त्यांनी दोन्ही तीरांवर दोन गावे वसवायला सांगितले, असे फिरिश्ता लिहितो. अडचण अशी की, बुऱ्हानुद्दीन १३३७ मध्ये आणि जैनुद्दीन १३६९ च्या सुमारास निवर्तले होते. गड घेतला गेला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे कथा नंतर रचलेली आहे. नव्या घराण्याला प्रतिष्ठा हवी होती, ती तिने पुरवली. तरीही तिच्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कथा सांगणाऱ्यालाही आधी गड आणि मग शहर असाच क्रम ठेवावा लागला. गड घेतल्याची हकीकतही अशीच साशंक मनाने घ्यायला हवी. बायकामुलांना आसरा द्या असे सांगून मेण्यांतून हत्यारबंद शिपाई आत नेले, हा किस्सा रोहतासच्या किल्ल्याबाबत शेरशाहच्या नावावरही सांगतात. किल्ला लढून घेता येत नाही हे ज्याला मान्य करायचे असते, तो मेण्यांची गोष्ट सांगतो.

लढून घेता येत नाही, याचा पुरावा अकबराच्या वेढ्यात मिळतो. राजे अलीखान हा फारुकींमधला हुशार राजा. त्याने मोगलांचे मांडलिकत्व पत्करले आणि १५९७ मध्ये निजामशाहीविरुद्धच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याचा मुलगा बहादूरखान मात्र अशीरगडावर जाऊन बसला. १६०० च्या वसंतात अकबर स्वतः बऱ्हाणपुरात आला. शहर हाती आले, राजवाडा हाती आला, पण खानदेश हाती आला नाही, कारण गड वरच होता. हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य बादशहाला त्याच्या पायथ्याशी महिनोन्‌महिने थांबावे लागले. गड मिळाला तो जानेवारी १६०१ मध्ये. कसा मिळाला यावर एकमत नाही. अकबराचा इतिहासकार अबुल फजल गडावरील रोगराईचा उल्लेख करतो. जेझुइट पाद्र्यांच्या आधारे लिहिलेल्या वृत्तान्तात बहादूरखानाला बोलणीसाठी खाली बोलावून अडकवल्याचे आणि पैसे चारल्याचे येते. तोफांनी तट पाडला असे दोन्ही बाजू म्हणत नाहीत. या विजयाची नोंद अकबराने फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर कोरून ठेवली. खानदेशाचे नाव राजपुत्र दानियालवरून दानदेश केल्याचा उल्लेख त्या लेखात आहे. ते नाव टिकले नाही, दानियालही १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच दारूपायी गेला. पुढे १८०३ मध्ये असईच्या लढाईनंतर इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनने शिंद्यांकडून गड आठवड्याभरात घेतला, तो सुर्जी-अंजनगावच्या तहाने परत गेला आणि नागपूरचे अप्पासाहेब भोसले आश्रयाला आले या कारणावरून एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांनी तो कायमचा काढून घेतला. पेशवाई बुडाल्यावरही मराठ्यांचे निशाण जिथे फडकत राहिले अशा शेवटच्या बलदंड गडांपैकी हा एक. मराठी वाचकाला एवढ्या कारणासाठी तरी अशीरगड माहीत असायला हवा; प्रत्यक्षात ओंकारेश्वरला जाणाऱ्या आपल्या गाड्या त्याच्या पायथ्याने न थांबता निघून जातात. गडावर अशीरगड, कमरगड आणि मलयगड असे एकाखाली एक तीन तट आहेत, तलाव आहेत, फारुकींची मशीद आहे, आणि अश्वत्थामा आजही पूजेला येतो अशी श्रद्धा असलेले महादेवाचे देऊळ आहे. बहुतेक लोक अश्वत्थाम्यासाठी चढतात. चढावे, मात्र वर गेल्यावर दक्षिणेच्या तटावर उभे राहून खालची वाट आणि पलीकडची तापी एका नजरेत घ्यावी. शहराचे कारण तिथून कळते.

ती वाट म्हणजे नुसता लष्करी मार्ग नव्हता. सुरतेला जहाजातून उतरलेला माल आणि माणूस आग्र्याला जायचा तो पुष्कळदा तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरपर्यंत येऊन, मग डोंगर ओलांडून. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी याच वाटेने नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा बऱ्हाणपूरला पोहोचला. आजचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा जवळपास तोच माग धरतो. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो आला. शहजादा परवेझ तेव्हा इथे दख्खनचा सुभेदार होता. रोने दिलेल्या नजराण्यातील मद्याच्या बाटल्या त्याला इतक्या आवडल्या की पुढची भेटच झाली नाही. रोचे शहराबद्दलचे मत मात्र वाईट आहे. शहजादा, मोगल सेनापती खानखानान आणि आणखी दोघे-चौघे सोडले तर सगळीकडे मातीची घरे, अशी त्याची तक्रार. सतराव्या शतकाच्या मध्यास आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यालाही शहर पडझडीला आलेले दिसले, पण त्याने बाजार नीट पाहिला. इथली तलम कापडे, जरीच्या किनारीचे बुरखे आणि दुपट्टे इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदवले आहे. घरे मातीची आणि कापड कैरोला, हा विरोधाभास वाटतो, पण मुक्कामाच्या शहराचे असेच असते. ज्या गावाचा पैसा वाटेवर फिरतो तिथे तो भिंतींत कमी अडकतो.

परंतु वाटेवरच्या मुक्कामाला सर्वांत आधी लागते ते पाणी. तापी शहराला लागून वाहते, मग पाण्याची चिंता कसली, असे वाटेल. तापी पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात क्षीण. शिवाय वरच्या अंगाने शत्रूने ती बिघडवली तर हजारोंची छावणी कोंडीत सापडणार. अब्दुर रहीम खानखानान, म्हणजे हिंदीतल्या दोह्यांचा रहीम, दीर्घकाळ बऱ्हाणपुरात होता. त्याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकातुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने शहराच्या उत्तरेला डोंगराच्या बाजूला फिरून जमिनीतले पाणी हेरले, अशी परंपरा आहे. त्यानंतर जे झाले ते आज कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा या नावाने ओळखले जाते. जमिनीच्या पोटात हलका उतार देऊन बोगदा खोदायचा, त्यावर ठरावीक अंतराने वरून विहिरीसारख्या कुंड्या काढायच्या. कुंड्यांमुळे खोदकामाची माती वर येते, कामगाराला हवा मिळते, बोगद्याची दिशा चुकत नाही आणि पुढे गाळ काढायला उतरता येते. बोगद्याच्या भिंतींतून झिरपलेले पाणी कोणताही मोट-रहाट न लावता, केवळ उतारावर, शंभराहून अधिक कुंड्या पार करत तीन-चार किलोमीटरवरच्या जाळी करंजपाशी येते आणि तिथून शहरात वाटले जाते. अशा मिळून आठ योजना शहरासाठी केल्या होत्या असे सांगतात. मूळ भंडारा, सुका भंडारा आणि चिंताहरण ही त्यांतली आणखी काही नावे. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. आपल्याकडे मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर आणली ती याच कुळातली. बिदरलाही असे बोगदे आहेत. थॉमस रो ज्या वर्षी मातीची घरे पाहून नाक मुरडत होता, त्याच सुमारास त्याच शहराच्या जमिनीखाली हे काम चालू होते. वरून दिसणाऱ्या शहरावर मत देणे किती धोक्याचे असते, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हे पाणी येते कुठून, याचे उत्तर रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला तरी वेगळे सांगायला नको. सातपुड्याचा पायथा ही भूगर्भातली मोठी भेग आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नदीनाल्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेले दगडगोटे, वाळू आणि माती यांचा जाड थर या भेगेला लागून साचला आहे. डोंगराशी लागून गोटे जाड, तापीकडे माती बारीक. जाड गोट्यांच्या पट्ट्यात पावसाचे पाणी झटकन मुरते आणि जमिनीखालून दक्षिणेला तापीकडे सरकते. भूवैज्ञानिक याला बझाडा पट्टा म्हणतात. चोपड्यापासून यावल, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूरपर्यंत हा एकच पट्टा आहे. राज्याची हद्द तो ओळखत नाही. खानखानानच्या इराणी जाणकाराने डोंगर आणि नदी यांच्यामध्ये आडवा बोगदा घालून हेच सरकते पाणी वाटेत झेलले. आपण त्याच पट्ट्यात बोअरवर बोअर मारून तेच पाणी उपसले आणि रावेर-यावल तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले. फरक तंत्राच्या नवेजुनेपणाचा नाही. बोगद्यात पाण्याची पातळी खाली गेली की पाणी आपोआप कमी येते, म्हणजे पुरवठाच मागणीला लगाम घालतो. पंपाला असा लगाम नसतो; तो आणखी खाली जातो. जुन्या पद्धतीचे पोवाडे गाण्यात अर्थ नाही, कारण दोन लाखांहून अधिक वस्तीचे आजचे शहर आणि लाखो केळीची खोडे कुंड्यांवर जगणार नाहीत, हे मान्य करायला हवे. पण चारशे वर्षे पाणी देणारी रचना डोळ्यांपुढे असताना तिच्याकडे केवळ फोटोची जागा म्हणून पाहणेही परवडणारे नाही. २०२४ मध्ये खुनी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला आहे. बोगद्यात चुन्याची पुटे चढत आहेत आणि भोवतालच्या विहिरी-बोअरनी त्याचे पाणी वाटून घेतले आहे. त्याला खरा धोका आहे तो वरच्या पाणलोटातून.

गड आणि भंडारा पाहून मग जुन्या शहरात शिरावे. आज दिसणारी तटबंदी आणि शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी, सिलमपुरा अशा नावांचे दरवाजे हे बव्हंशी निजामुल्मुल्क आसफजाहच्या काळातले, १७३१ चे. शहराचा तट इतक्या उशिरा भक्कम करावा लागला, याचे एक कारण मला दिसते: तोवर डोंगरावरचा गड पुरेसा वाटत होता. तो पुरेसा नाही हे जानेवारी १६८१ मध्ये कळले होते. मराठ्यांचे सेनापती हंबीरराव मोहित्यांच्या सैन्याने तटाबाहेरचे श्रीमंत बहादूरपूर तीन दिवस लुटले आणि मोगल अधिकारी काकरखान आत दार लावून बसला. संभाजीराजांच्या राज्याभिषेकानंतरची ही पहिली मोठी मोहीम. गड वाट रोखतो, वस्ती राखत नाही. जामा मशीद ही मात्र फारुकींची खरी ठेव. राजे अलीखानाने ती १५८९ च्या सुमारास बांधली. काळ्या दगडाचे काम, दोन उंच मिनार, आणि आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख, ज्यात सृष्टिकर्त्याला वंदन करून फारुकी राजांची वंशावळ आणि शक-संवतातली तिथी दिली आहे. मशिदीत संस्कृत का, यावर आजच्या राजकारणातली उत्तरे दोन्ही बाजूंनी तयार असतात. मला साधे कारण पटते. हे शहर वाटेवरचे होते, त्याचे सावकार, कापडवाले आणि कारकून अनेक भाषांचे होते, आणि राजाला आपली वंशावळ त्या सगळ्यांनी वाचायला हवी होती. त्याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेखही कोरलेला आहे. जिंकणाऱ्याने जुना लेख पुसला नाही, शेजारी आपला लिहिला. दाऊदी बोहऱ्यांचा दर्गा-ए-हकीमी, १७०८ मध्ये नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग राहिले ती गुरुद्वाऱ्याची जागा, कबीरपंथीयांचे स्थान, पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथे वारला त्याची छत्री, या सगळ्या खुणा वाटसरूंच्या आहेत. निजामुल्मुल्कही १७४८ मध्ये इथेच संपला. बऱ्हाणपुरात जन्मलेल्यांपेक्षा येता-जाता थांबलेल्यांची नावे जास्त निघतात.

आता मुमताजकडे येऊ. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात गेली, जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले आणि डिसेंबरात देह आग्र्याला नेला. सहा महिन्यांची ही गोष्ट सगळ्या शहरावर छत्र धरून बसली आहे. ताजमहाल आधी इथेच व्हायचा होता पण वाळवी लागली म्हणून झाला नाही, ही त्यावरची लोककथा. लोक म्हणतील, पर्यटनाला गोष्ट लागते, आणि कोणालाही कळणारी हीच गोष्ट आहे. खिंड नि बझाडा ऐकायला कोण येणार? व्यवहार म्हणून हे म्हणणे खोडता येत नाही. पण गोष्ट सांगायची तर पुरी सांगावी. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ होता. नोव्हेंबर १६३० मध्ये इंग्रज प्रवासी पीटर मंडी सुरतेहून बऱ्हाणपूरला आला तो याच तापीकाठच्या वाटेने, आणि वाटेवरच्या प्रेतांची त्याने केलेली वर्णने वाचवत नाहीत. शाहजहानने लंगर उघडले. बऱ्हाणपुरात वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याचे त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी अभिमानाने लिहितो. आजूबाजूचा मुलूख असा मरत असताना बादशहा, दरबार आणि अफाट छावणी इथे मुक्काम करून राहू शकली, त्यामागे डोंगराच्या पायथ्याचे हे पाणी असावे असा अंदाज बांधायला जागा आहे. हमामात राणीसाठी गरम पाणी खेळवले जात होते, हे गाइड सांगतोच. पाणी कुठून आले हे आपण विचारावे.

खिंड अजून तिथेच आहे, मग शहर उतरणीला का लागले, हा माझ्या मांडणीवरचा सर्वांत बळकट आक्षेप. औरंगजेबाच्या सुभेदारीत दख्खनच्या कारभाराचे केंद्र औरंगाबादकडे सरकले. पुढे सुरत मागे पडली, मुंबई वाढली आणि आग्र्याची वाट सेंधव्याच्या घाटाने गेली. ही कारणे पुस्तकांत असतात. पण १८७० मध्ये मुंबईहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला तो भुसावळ, रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा असा, म्हणजे इंजिनियरांनीही डोंगर ओलांडायला पुन्हा हीच जागा निवडली. वाट जिंकली आणि शहर हरले. कारण शहराला पैसा मिळत होता तो वाटेवरच्या थांबण्यातून. बैलांचा तांडा डोंगर चढण्याआधी थांबतो, बैल बदलतो, माल विकतो, पाणी भरतो. आगगाडी काही मिनिटे थांबते, तीही गावाबाहेर लालबागेत. वरच्या अंगाला नेपानगरला १९५६ मध्ये वृत्तपत्री कागदाचा कारखाना निघाला, तोही डोंगरातल्या लाकूड-बांबूच्या आणि याच लोहमार्गाच्या आधाराने. तेव्हा खिंडीने देणे थांबवले असे नाही. ती आता वेगळ्या गावांना देते.

राहिला आपलेपणाचा प्रश्न. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, कारभार हिंदीत. मग मराठी अंकात त्याची उठाठेव कशाला? पुष्कळांना वाटते की १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने ते आपल्यापासून तोडले. तारीख चुकते आहे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, त्यांचा अधिकारी जॉन ब्रिग्जने धुळ्याला कचेरी थाटली. शहर मात्र शिंद्यांकडेच राहिले आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे आले ते मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात. म्हणजे खानदेशाची राजधानी खानदेशाबाहेर गेली त्याला दोनशे वर्षे झाली. त्यानंतर आपली पाठ्यपुस्तके, गॅझेटियर आणि प्रवासाची पुस्तके सगळी हद्दीशी थांबली. खानदेशाचा इतिहास थाळनेर, लळिंग, पारोळा, फार तर यावलचा किल्ला एवढ्यावर सांगितला जातो, म्हणजे राजधानी वगळून. इच्छापूरच्या देवीला नवस बोलायला हद्द आडवी येत नाही. इतिहासालाही येऊ नये.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पावसाळा ओसरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. पहाटे निघून थेट अशीरगड गाठावा, उन्हे चढण्याआधी उतरावे, दुपारी लालबागेकडचा कुंडी भंडारा पाहावा. कुंडीत उतरण्यासाठी लिफ्ट आहे, ती चालू असल्याची आधी खात्री करावी. नंतर शनवाऱ्याकडून शहरात शिरून जामा मशीद, आणि दिवस कलताना शाही किल्ला व नदी. उतावळी नदीकाठची खानखानानच्या मुलाची, शाहनवाजखानाची, कबर आणि फारुकींच्या कबरी यांना दुसरा दिवस द्यावा. रावेर, सावदा, फैजपूरच्या शाळा-महाविद्यालयांनी सहलीसाठी अजिंठा आणि मांडूच्या यादीत हे नाव घालावे. आणि एक मागणी सरकारांकडे. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार भोपाळमध्ये केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या याच बझाडा पट्ट्यात पुराचे पाणी मुरवण्याची ती योजना आहे. तिच्या आराखड्यात कुंडी भंडाऱ्याचे पाणलोट क्षेत्र स्पष्टपणे आखून घ्यावे, तिथे नवे बोअर आणि खोदकाम थांबवावे आणि कुंड्यांतील पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून दोन्ही राज्यांनी ती जाहीर करावी.